तळटीप १७ : ‘राजवाड्यातल्या अमेरिकन मोटारी’

१७. राजवाडा म्हणजे काशीनरेशांचा रामनगर किल्ला. गंगेच्या पूर्व तीरावरचा हा किल्ला राजा बलवंत सिंह यांनी अठराव्या शतकात चुनारच्या दगडात बांधला. त्यातल्या सरस्वती भवन संग्रहालयात पालख्या, हौदे आणि शस्त्रांबरोबर राजघराण्याच्या जुन्या अमेरिकन मोटारी आहेत. अमेरिकनच का, असे वाचकाला वाटेल. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसचा बोलबाला फार झाला; पण अमेरिकन गाडीचे इंजिन दणकट, जमिनीपासून उंची जास्त, त्यामुळे कच्च्या रस्त्यांवर ती भरवशाची ठरे, आणि त्या मानाने स्वस्तही पडे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढल्यावर या गाड्या देशात सहज मिळू लागल्या. जुन्या मोटारींच्या चाहत्यांनी घाटांइतकाच वेळ या दालनाला द्यावा, इतके त्याचे मोल आहे. बनारसला स्वतंत्र संस्थानाचा दर्जा १९११ मध्ये मिळाला; १९४९ मध्ये ते संयुक्त प्रांतात विलीन झाले. मजकुरातला ‘राजा’ हा उल्लेख त्यानंतरही चालू राहिलेल्या लोकरूढीचा आहे. संग्रहालय तिकीट काढून पाहता येते.