ज्योतीची साक्ष

लंडनमधलं एक उंच, अरुंद घर. साल १८८०. नवरा रोजच्यासारखा संध्याकाळी बाहेर पडलेला आहे आणि बायको दिवाणखान्यात एकटी बसली आहे. थोड्या वेळाने गॅसच्या दिव्याची ज्योत हळूहळू खाली बसते, खोली काळवंडते. दिव्याची चावी कुणीही फिरवलेली नाही. मग डोक्यावर, कुलूप घातलेल्या मजल्यावर पावलं वाजल्यासारखी वाटतात. काही वेळाने ज्योत पुन्हा वर चढते, आणि लवकरच नवरा दारात हजर होतो.

पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाच्या ‘गॅस लाइट’ नाटकातला हा प्रसंग. आज मराठी घरांत, समुपदेशकांच्या खोलीत आणि मैत्रिणींच्या फोनवरच्या बोलण्यात सर्रास येणारा ‘गॅसलायटिंग’ हा शब्द जन्मला तो याच ज्योतीतून. शब्दाची कुळकथा सांगणारे बहुतेक जण एक वाक्य हमखास सांगतात: नवरा बायकोला वेडी ठरवण्यासाठी दिवे मुद्दाम मंद करतो आणि ‘दिवा तर आहे तसाच आहे’ म्हणून तिला खोटं पाडतो. ही माहिती चुकीची आहे. ती दुरुस्त केली की शब्दाचा अर्थच वेगळा दिसू लागतो, म्हणून ही कथा मुळापासून सांगायला हवी.

आधी दिव्याचं बघू. आपल्याकडे गॅसबत्ती म्हटलं की डोळ्यांसमोर येतो लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचा किंवा तमाशाच्या फडात टांगलेला, पंप मारून पेटवायचा, भसभस आवाज करणारा पेट्रोमॅक्स. तो चालतो रॉकेलवर. नाटकातला दिवा तो नव्हे. कोळसा बंद भट्टीत तापवला की जो ज्वलनशील वायू निघतो, तो नळांवाटे शहरभर खेळवायचा आणि घरोघरी जाळायचा, अशी ती व्यवस्था होती. विल्यम मर्डॉकने १७९२ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातलं आपलं घर अशा वायूने उजळलं. १८०७ मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले आणि १८१२ मध्ये तिथे गॅस पुरवणारी कंपनी सनद घेऊन उभी राहिली. मुंबईच्या काही रस्त्यांवर हे दिवे यायला १८६०चं दशक उजाडलं.

या दिव्याचा एक स्वभाव होता. पांढराशुभ्र प्रकाश देणारी जाळी कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने शोधली ती १८८५ मध्ये. त्याआधी घरात जळायची ती उघडी ज्योत, आणि तिची उंची नळातल्या वायूच्या दाबावर ठरायची. घरात येणारा नळ एक, त्याला फुटलेले फाटे अनेक. वरच्या मजल्यावर कुणी आणखी एक दिवा पेटवला की दाब विभागला जाई आणि खालच्या खोलीतली ज्योत बसे. वरच्या टाकीतून आलेल्या एकाच पाइपवर दोन नळ असले आणि स्वयंपाकघरातला नळ सोडला की न्हाणीघरातली धार बारीक होते, तसंच हे. त्या काळच्या माणसाला यात नवल वाटत नसे. ज्योत खाली बसली याचा अर्थ घरात कुठेतरी दुसरा दिवा लागला, एवढंच.

या साध्या घरगुती अनुभवावर हॅमिल्टनने अख्खं नाटक तोललं. त्याचा जन्म १९०४चा. ‘रोप’ या नाटकाने १९२९ मध्येच त्याला नाव मिळालं होतं; पुढे हिचकॉकने त्यावर सिनेमा केला. १९३२ मध्ये एका मोटारीने त्याला उडवलं, हाडं मोडली आणि चेहरा कायमचा विद्रूप झाला. त्यानंतरच्या वर्षांत त्याने हे ‘व्हिक्टोरियन थ्रिलर’ लिहिलं. ५ डिसेंबर १९३८ रोजी रिचमंडच्या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला आणि महिन्याभरात नाटक लंडनच्या वेस्ट एंडला आलं. अमेरिकेत ‘एंजल स्ट्रीट’ या नावाने ते ५ डिसेंबर १९४१ रोजी ब्रॉडवेवर लागलं. दोनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि देश युद्धात उतरला. तरीही नाटक चालतच राहिलं, थेट १९४४च्या अखेरपर्यंत, १,२९५ प्रयोग.

कथानक असं. जॅक मॅनिंगहॅम आणि त्याची बायको बेला. घरातल्या वस्तू सारख्या गायब होतात, भिंतीवरची तसबीर उतरवलेली सापडते, आणि दर वेळी आळ बेलावर येतो. जॅक सहसा ओरडत नाही. तो खिन्न होतो, समजूत काढतो, नोकरांसमोर तिची शोभा करतो, नाटक बघायला नेण्याचं आमिष दाखवतो आणि ऐन वेळी एखाद्या हरवलेल्या वस्तूचा विषय काढून ते हिरावून घेतो. बेलाची आई वेडातच गेलेली, त्यामुळे भीतीला जागा आधीच तयार. घर बेलाच्याच पैशातून घेतलेलं. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क देणारा कायदा झाला १८८२ मध्ये. नाटक घडतं त्याच्या दोन वर्षं आधी. वेड्यांच्या इस्पितळात गेलेल्या बायकोचं पुढे काय झालं, हे विचारणारं कोण होतं? हॅमिल्टनने साल किती विचारपूर्वक निवडलं असेल, असं मला हे नाटक वाचताना दर वेळी वाटतं.

आणि हा जॅक मुळात जॅक नाहीच. याच घरात बऱ्याच वर्षांपूर्वी एका श्रीमंत वृद्धेचा तिच्या माणकांसाठी खून झाला होता. माणकं खुन्याला सापडली नाहीत, आणि तो खुनी नाव बदलून, लग्न करून, बायकोच्या पैशाने तेच घर घेऊन परत आला आहे. रोज संध्याकाळी तो बाहेर पडल्याचं सोंग करतो, छपरावरून वरच्या बंद मजल्यावर उतरतो आणि शोधत राहतो. अंधारात शोधता येत नाही, म्हणून दिवा लावतो. तो दिवा लागला की खाली बेलाची ज्योत बसते.

म्हणजे तसबीर, घड्याळ, हरवलेल्या वस्तू हा सगळा त्याचा बनाव. दिवा मात्र बनावात नाही. तो त्याच्या हातून झालेली चूक आहे, आणि ती बेलाने पकडली आहे. ज्योत बसली की तो आत आला, ज्योत चढली की तो निघाला, एवढं ती मनाशी जुळवत आलेली असते. फक्त त्याचा उच्चार करायची तिची छाती होत नाही, कारण मग ते जुळवणाऱ्या आपल्या डोक्याबद्दलच तिला शंका येते. निवृत्त तपास अधिकारी रफ घरी येतो, ती त्याला हे सांगते आणि तो तिच्या नजरेची तारीफ करतो. मग त्याच्यादेखत दिवा मंदावतो. प्रेक्षकही ते पाहत असतात. पुढे रंगमंचावरचा प्रकाश चढू लागला की नाट्यगृहात श्वास रोखले जातात: खुनी निघाला आहे, आता घरी पोहोचेल. फसवणुकीच्या एका प्रकाराला जगाने नाव दिलं, आणि ते दिलं त्या घरातल्या एकमेव खऱ्या पुराव्यावरून. ती बाई वेडी नव्हती, हे सिद्ध करणाऱ्या वस्तूचं ते नाव आहे.

या नाटकावर पहिला सिनेमा १९४० मध्ये ब्रिटनमध्ये निघाला. दिग्दर्शक थोरोल्ड डिकिन्सन, भूमिकांत अँटन वॉलब्रुक आणि डायना विनयार्ड. सिनेमा देखणा आणि धारदार. मग हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने तीच गोष्ट नव्याने काढायचं ठरवलं, हक्क विकत घेतले आणि आधीच्या सिनेमाच्या निगेटिव्हसह सगळ्या प्रती नष्ट करायचा घाट घातला. जे घडलं ते घडलंच नव्हतं असं दाखवायचं: ज्या गोष्टीत हेच पाप आहे, तिच्याच बाबतीत हे व्हावं! डिकिन्सनने एक प्रत राखून ठेवली होती. आज तो सिनेमा आपण बघू शकतो याचं श्रेय त्या सावधपणाला आहे.

जगाला माहीत झाला तो मात्र १९४४चा, जॉर्ज क्यूकरचा ‘गॅसलाइट’. यात बायको आहे पॉला, इन्ग्रिड बर्गमन. नवरा ग्रेगरी अँटन, शार्ल बॉये. ग्रेगरीचं खरं नाव निराळं, दुसऱ्या देशात त्याची दुसरी बायको, आणि मनात एकच ध्यास: पॉलाच्या खून झालेल्या गायिका मावशीची रत्नं. ती रत्नं मावशीच्या नाटकातल्या झग्यावर खोट्या खड्यांच्या गर्दीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शिवलेली असतात. उर्मट मोलकरणीच्या भूमिकेत अँजेला लॅन्सबरी पहिल्यांदाच पडद्यावर आली, तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती. भूमिकेच्या तयारीसाठी बर्गमन मानसिक रुग्णालयात जाऊन रुग्णांना न्याहाळून आली होती. तिला यासाठी ऑस्कर मिळालं, आणि माझ्या मते ते पुऱ्या न्यायाने मिळालं. एका मैफलीत नवरा घड्याळ हरवल्याचं तिच्या कानाशी कुजबुजतो आणि ती चारचौघांत हुंदके देऊ लागते, तो प्रसंग बघताना आपलाही तिच्यावरचा विश्वास क्षणभर ढळतो. तिच्याबरोबर आपल्यालाही फसवण्याची ती ताकद आहे.

शेवटी सूड येतो, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. ग्रेगरी खुर्चीला बांधलेला. पोलीस बाहेर. पॉला त्याच्याजवळ एकटी थांबायला मागते. तो आर्जवं करतो: सुरी आण, दोर काप. ती सुरी काढते, आणि मग वेड पांघरून पेडगावला जाते. ही सुरीच आहे का? की मी वेडी आहे म्हणून तसं वाटतंय? हरवली वाटतं ती, मी तर सगळंच हरवते. शहाणी असते तर तुला सोडवलंही असतं, वेडीला ते कसं जमावं! त्याने तिच्यावर लादलेलं वेड ती त्याच्याच पदरात घालते. इतके दिवस दबलेला आवाज इथे पहिल्यांदा मोकळा सुटतो.

सिनेमा गाजला आणि शब्द पडद्यावरून बाहेर पडला. १९५०च्या दशकातल्या अमेरिकी विनोदी मालिकांत कुणाला तरी ‘गॅसलाइट उपचार’ देण्याचे बेत शिजू लागले. १९६१ मध्ये अँथनी वॉलेस या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुस्तकात तो क्रियापद म्हणून आला. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बार्टन आणि व्हाइटहेड या डॉक्टरांनी इतरांच्या बनावामुळे मनोरुग्ण ठरवल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहिलं आणि त्या प्रकाराला ‘गॅसलाइट’चंच नाव दिलं. १९८०च्या दशकात मनोविश्लेषकांनी तो उचलला, २००७ मध्ये रॉबिन स्टर्न यांच्या पुस्तकाने घराघरांत नेला, पुढे तो राजकारणात शिरला. २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला. कोशात तो शोधणाऱ्यांचं प्रमाण त्या वर्षी १,७४० टक्क्यांनी वाढलं होतं.

मराठीत याला शब्द आहे का? ‘वेड्यात काढणं’ जवळ जातं, पण पुरत नाही. वेड्यात काढणं एका वाक्यात होतं. गॅसलायटिंगला महिने लागतात आणि शेवटी माणूस स्वतःच स्वतःला वेड्यात काढू लागतो. म्हणून परका शब्द आपल्याकडे टिकला, तो टिकावाही. पण नवऱ्याला बायकोचं म्हणणं पटलं नाही, मित्राला जुनी गोष्ट वेगळी आठवली, साहेबाने चूक दाखवली, की लगेच गॅसलायटिंग म्हणायची पद्धत पडली आहे. ते मला मान्य नाही. असा वापर झाला तर उद्या खऱ्या बेलाजवळ सांगायला शब्दच उरणार नाही.

आणि एक विनंती. बेलाने हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. पॉला स्वयंपाकिणीला विचारते, तेव्हा घरात दुसरा कुठलाही दिवा लागलेला नाही असंच उत्तर मिळतं. दोघींची सुटका झाली ती एका तिऱ्हाइताने ज्योत बसताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तेव्हा. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात कुणी बाई किंवा कुणी म्हातारं माणूस दबक्या आवाजात म्हणालं की दिवा मंद होतोय, तर आधी दिव्याकडे बघा.