ब्रिटनमधील लाल खारीचे संवर्धन

लाल खार (शास्त्रीय नाव: सायुरस व्हल्गॅरिस) ही ब्रिटनमधील एकमेव मूळ खार आहे. तिच्या संवर्धनात स्थानिक स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

१८७६ पासून उत्तर अमेरिकेतील करडी खार इंग्लंडमध्ये सोडण्यात येऊ लागली. आकाराने मोठी असलेली ही खार अन्नाच्या स्पर्धेत सरस ठरते. शिवाय तिच्यामार्फत पसरणारा स्क्विरलपॉक्स हा विषाणूजन्य रोग तिला सहसा बाधत नाही. लाल खारींना मात्र तो बहुधा प्राणघातक ठरतो. परिणामी लाल खारी आता मुख्यत्वे स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि वाइट, ब्राउनसी यांसारख्या बेटांवर उरल्या आहेत.

स्वयंसेवकांचे कार्य

स्वयंसेवक खारींच्या नोंदी ठेवतात, जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावतात, आजारी खारींची माहिती कळवतात आणि संसर्ग टाळण्यासाठी खाद्यपेट्या निर्जंतुक करतात. पिंजरे लावून करड्या खारी पकडणे व मारणे हा या कार्याचा वादग्रस्त भाग होय. प्राणिहक्कवाद्यांचा त्यास विरोध आहे.

अँगलसी बेट

वेल्समधील अँगलसी बेटावर १९९८ मध्ये करड्या खारींचे निर्मूलन सुरू झाले, तेव्हा तेथे सुमारे ४० लाल खारी शिल्लक होत्या. पुढे त्यांची संख्या शेकड्यांत गेली. तथापि मेनाई सामुद्रधुनी ओलांडून करड्या खारी पुन्हा येऊ शकत असल्याने तेथे सतत पाळत ठेवावी लागते.