अक्षराचे चित्र की अक्षर?

ज्या समाजावर शतकानुशतके अक्षरबंदी लादली गेली, त्या समाजाने आपले अक्षर कागदावर कसे उमटते याविषयी उदासीन राहणे परवडणारे नाही. आज पत्रक, पुस्तिका किंवा अंक तयार करताना कार्यकर्त्यापुढे एक निवड असते. मजकूर फोटोशॉप, जिम्प अशा रास्टर सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, की कोरलड्रॉ, इंकस्केप अशा वेक्टर सॉफ्टवेअरमध्ये? बहुतेक वेळा ही निवड आपण करीत नाही, डीटीपीवाला करतो. पण हा केवळ कारागिरीचा प्रश्न नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो आपलाही इतिहास आहे.

मुंबईत गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातील कारागिराने १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. छापील पोथीचा विटाळ मानणाऱ्या भटशाहीसाठी त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातले, अशी नोंद आहे. शिळाप्रेसवर संपूर्ण पान हाताने लिहून दगडावर उतरवत. त्याला खिळ्यांची ओतशाळा लागत नसे, मोडीसारखी वळणदार लिपीही त्यात सहज उतरे. म्हणून साधन नसलेल्यांना ती वाट मोकळी होती. पण ते पान म्हणजे एक अखंड चित्र. त्यातला एक शब्द उचलून दुसरीकडे लावता येत नसे आणि दगड पुसला की पान गेले. गणपत कृष्णाजी शिळेवर थांबले नाहीत. त्यांनी स्वतःचे खिळेही तयार केले. पुढे जावजी दादाजी यांनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना सुबकपणा दिला. खिळा जुळवता येतो, सोडवता येतो, चूक सापडली तर तेवढाच बदलता येतो. पानाचे चित्र आणि जुळवलेले अक्षर यांतला भेद मराठी छपाईला तेव्हापासून माहीत आहे.

बाबासाहेबांनी हे मर्म ओळखले होते. ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) ही पत्रे काढून ते थांबले नाहीत. त्यांनी भारतभूषण हा छापखानाही उभा केला. तोच पुढे बुद्धभूषण झाला. दादरच्या आंबेडकर भवनासह तो २५ जून २०१६ रोजी पाडला गेला, तेव्हा लोक रस्त्यावर आले ते केवळ विटांसाठी नव्हे. आपले शब्द छापण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहू नये, या निर्धाराची ती खूण होती.

आता खिळे गेले आणि संगणक आला. १९८५ च्या सुमारास पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि पेजमेकर यांनी छपाईचे जग बदलले. तेव्हापासून फॉन्टमधले अक्षर ही वक्ररेषांची आखणी असते. कितीही मोठे करा, कडा तुटत नाही. कारण प्लेट काढणारे यंत्र इंचाला २४०० ठिपके या आपल्या पूर्ण ताकदीने ती आखणी नव्याने भरते. रास्टरमध्ये मात्र अक्षराचे ठिपके आधीच ठरून बसतात. इंचाला ३०० ठिपके धरले तर १० पॉइंटाच्या अक्षराच्या वाट्याला उंचीत जेमतेम ४२ ठिपके येतात. अनुस्वाराला त्यांतले चार-पाच. रफार, रकार, उकार यांच्यावर जगणाऱ्या आपल्या लिपीला हा हिशेब मारक आहे. शिवाय अशा चित्रातला काळा रंग पुष्कळदा चार शायांचा होतो आणि कागद केसभर सरकला तरी अक्षराला रंगीत सावली पडते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर मिळणाऱ्या स्वस्त पुस्तिकांमध्ये जुन्या पानांची छायाचित्रे घेऊन केलेली पुनर्मुद्रणे चाळून पाहा. प्रतीवरून प्रत निघते आणि प्रत्येक वेळी अनुस्वार गळतात, वेलांट्या भरतात.

प्रभादेवीच्या सयानी मार्गावर हा भेद समोरासमोर पाहता येतो. तेथील भूपेश गुप्ता भवनातील लोकवाङ्मय गृहाने गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही १९८८ सालची पुस्तिका काढली. ती पुन्हा पुन्हा छापली गेली, अनेक भाषांत गेली. छोट्या पुस्तिकेचे सामर्थ्य असे वारंवार छापले जाण्यात असते. त्याच परिसरात रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत साहित्य आणि संस्कृती मंडळ व विश्वकोश मंडळ यांची कार्यालये अनेक वर्षे होती. विश्वकोश (पहिला खंड १९७६) संगणकावर मजकूर म्हणून वाचता येतो. शब्द टाकला की नोंद समोर येते. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक जुनी पुस्तके मात्र पानांची छायाचित्रे म्हणून मिळतात. ती वाचता येतात, पण त्यांत शब्द शोधता येत नाही. अंध विद्यार्थ्याचे वाचनयंत्र तर त्यांच्यापुढे मुकेच राहते.

याचा अर्थ छायाचित्र टाकाऊ असा नव्हे. जीर्ण अंकाचे पान जसेच्या तसे राखायचे तर छायाचित्रच हवे. तो पुरावा आहे. मात्र पुरावा जपणे वेगळे आणि विचार पुढच्या हाती देणे वेगळे.

वेक्टर सॉफ्टवेअर वापरले की सगळे साधले, असेही नाही. अक्षरांचे ‘कर्व्हज’ केले की आकार सुबक राहतो, पण मजकूर मरतो. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होते. म्हणून मूळ मजकूर युनिकोडमध्ये असावा, त्याची जुळणी इनडिझाइन किंवा फुकट मिळणाऱ्या स्क्राइबसमध्ये करावी, मुखपृष्ठाची अक्षरे वेक्टरमध्ये घ्यावीत आणि रास्टर केवळ छायाचित्रांपुरते ठेवावे. आणि काम संपल्यावर डीटीपीवाल्याकडून छापील गठ्ठ्याबरोबर मूळ फाइलही मागून घ्यावी. ती फाइल म्हणजे आपले खिळे आहेत.

आपल्या आजोबा-पणजोबांचे शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत, हे आपण वारंवार सांगतो. आपण लिहिलेले शब्द मात्र पुढच्या पिढीला शोधता यावेत, दुरुस्त करता यावेत, पुन्हा छापता यावेत, ही जबाबदारी दुसऱ्या कोणाची नाही.