आठवड्याची एक गोळी आणि सुब्बारावांचं खातं

काचीगुडा, सुलतान बाजारातल्या आपल्या जुन्या मराठी घरांविषयी आपण नेहमीच लिहितो. आज एका तेलुगू माणसाविषयी लिहितो, कारण त्याची गोष्ट आमच्याच घरातल्या गोळ्यांच्या डब्यात सापडली.

सौ.ला आमवात आहे. दर रविवारी मेथोट्रेक्सेटची गोळी, आणि तिचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. गोळ्या मोजून देण्याचं काम माझं. बँकेत नोटा मोजल्या, त्याचा एवढाच उपयोग उरलाय! नात औषधशास्त्रात पीएच.डी. करते. परवा डबा बघून म्हणाली, "आबा, या दोन्ही औषधांमागे एकच माणूस आहे. भीमावरमचे सुब्बाराव."

येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म 1895. मद्रासला डॉक्टरी शिकताना खादी घातली म्हणून शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकांची मर्जी गेली आणि हाती एम.बी.बी.एस.ऐवजी खालची एल.एम.एस. पदवी आली. 1923 साली बोस्टनला गेले. पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामं केली आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्या हाताखाली संशोधन सुरू केलं.

1925 साली दोघांनी रक्त-लघवीतला फॉस्फरस मोजायची रीत छापली. नमुन्यात रसायनं घालायची, निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. पुढे हीच रीत जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. जो वापरील त्याने आपल्या निबंधात मूळ निबंधाचं नाव द्यायचं, हा शास्त्रज्ञांचा रिवाज. त्याला सायटेशन म्हणतात. या निबंधाला अशी हजारो सायटेशन्स मिळाली. 1929 साली दोघांनी स्नायूंतल्या एटीपीची माहिती छापली. आपल्या पेशींची ऊर्जा यातूनच खर्च होते, म्हणजे शरीराची रोकडच म्हणा. त्याच सुमारास जर्मनीत लोहमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं होतं.

पण खात्यात सगळंच जमा झालं नाही. पुढे नोबेल मिळालेले जॉर्ज हिचिंग्ज सांगत, की सुब्बारावांनी वेगळे केलेले काही पदार्थ फिस्के यांनी उजेडात येऊ दिले नाहीत. ते इतरांना पुन्हा शोधावे लागले. हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. 1940 साली सुब्बाराव लेडर्ले कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. मग त्याचंच काम अडवणारी औषधं केली: ॲमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट. हत्तीरोगावरचं हेट्राझानही तिथलंच. 1948 साली सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन रक्ताच्या कर्करोगाची मुलं काही काळ तरी बरी झाल्याचं छापलं. तो निबंध अजरामर झाला. लेखक पाच, त्यात सुब्बाराव नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. सायटेशन मोजणारी गारफिल्ड यांची सूची आली 1964 साली.

मी नातीला विचारलं, "मग जगात सगळ्यात जास्त सायटेशन कुणाला?" म्हणाली, "ऑलिव्हर लोवरी. सेंट लुईसला औषधशास्त्राचे प्राध्यापक. प्रथिनं मोजायची रीत, 1951. तीन लाखांच्या वर." आणि वॉटसन-क्रिक यांचा डीएनएवरचा निबंध? 2014 साली 'नेचर'ने पहिल्या शंभरांची यादी केली, त्यात तो नव्हता! रीत रोज वापरली जाते म्हणून तिचं नाव रोज लिहिलं जातं. मोठा शोध पाठ्यपुस्तकात गेला, की त्याचं नाव लिहायची कुणाला गरज वाटत नाही.

आमच्या बँकेच्या भाषेत, सायटेशन म्हणजे उलाढाल. उलाढाल मोठी म्हणजे खातं चालतं हे कळतं. ठेव किती, ते त्यावरून कळत नाही. आणि गोळी घेणारा पेशंट तर कुठेच नोंद करत नाही.

हे मी लिहितोय, कारण नातीच्या पहिल्या निबंधाला दोन वर्षांत तीनच सायटेशन्स मिळालीत आणि पोरगी जेवताना गप्प असते. आकडा महत्त्वाचा आहे, नोकरी त्यावर ठरते, हे मी नाकारत नाही. तिला एवढंच म्हटलं, "बाळ, तुझ्या आजीची बोटं आज वाटी धरतात, ते कुठल्या सूचीत आहे?" ती हसली, पण उत्तर दिलं नाही.

तुमच्याही घरी सुनेला दिवस असताना फॉलिक ॲसिडची गोळी आली असेल. पुढच्या वेळी घेताना सुब्बारावांचं नाव घ्या. उशिराची का होईना, एक नोंद होईल.