धातुशास्त्र शिकलेला मुख्यमंत्री आणि गोव्याच्या खाणी



साखर कारखाना आणि कापडाच्या मिलांच्या आधाराने वाढलेल्या आपल्या चलथाणात, उद्योग थांबला की घरात काय होते हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून मनोहर पर्रीकरांच्या कारकिर्दीतील खाणींचे प्रकरण आपण नीट पाहिले पाहिजे.

13 डिसेंबर 1955 रोजी म्हापशात जन्मलेल्या पर्रीकरांनी 1978 मध्ये पवईच्या आयआयटीतून धातुअभियांत्रिकीची पदवी घेतली. 1994 मध्ये ते पणजीतून आमदार झाले आणि ऑक्टोबर 2000 मध्ये मुख्यमंत्री. आयआयटीचा पदवीधर मुख्यमंत्री होण्याची देशातील ती पहिलीच वेळ. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत आला, तेव्हा त्यासाठीची बांधकामे त्यांनी जातीने लक्ष घालून वेळेत उभी केली.

खाणींचा प्रश्न मात्र नुसत्या देखरेखीने सुटणारा नव्हता. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतले लोहखनिज ट्रकांतून नदीकाठी येई आणि बार्जमधून मुरगाव बंदराकडे जाई. ट्रक-बार्जवाल्यांचे संसार त्यावर चालत. खाणींखालच्या शेतांत मात्र लाल गाळ साचे.

विरोधी पक्षनेते असताना, 2011 मध्ये, लोकलेखा समितीचे अध्यक्ष म्हणून पर्रीकरांनी बेकायदा खाणकामावर अहवाल तयार केला. 2012 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर, शाह आयोगाचा अहवाल संसदेत मांडला जाताच, 10 सप्टेंबरला त्यांच्या सरकारने खाणकाम स्थगित केले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली.

एप्रिल 2014 मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, पण जुन्या लीजची मुदत 2007 मध्येच संपल्याचेही सांगितले. आता लिलाव करायचा की जुन्याच लीजधारकांना मुदतवाढ द्यायची? नूतनीकरणाचे धोरण पर्रीकरांच्याच काळात ठरले. नोव्हेंबरमध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम 12 जानेवारी 2015 रोजी निघाला. तोपर्यंत गोवा सरकार लीज नव्या करीतच होते. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा 88 लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या. तेव्हा पर्रीकर पुन्हा मुख्यमंत्री होते आणि गंभीर आजारी होते.

17 मार्च 2019 रोजी त्यांचे निधन झाले. खाणपट्ट्यांचे लिलाव 2022 च्या अखेरीस सुरू झाले.

पर्रीकरांची साधी राहणी आणि कामाचा उरक यांचे कौतुक योग्यच आहे. पण दोष कुठे आहे हे त्यांनी इतरांआधी ओळखले होते. म्हणूनच 2014 मध्ये लिलावाचा मार्ग का सोडला, हा प्रश्न त्यांना इतरांपेक्षा जास्त लागू होतो. त्या चुकीची किंमत ट्रकवाल्यांच्या घरांनी मोजली.