कौशल्यशिक्षण आणि कर्तेपण : हिंगण्याच्या इतिहासाचा एक धडा

स्त्रीला एखादे कौशल्य शिकविले की नेतृत्व तिच्या ठायी आपोआप येते, असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येकडील मुठाकाठचा इतिहास पाहता हे गृहीत अपुरे आहे, असे म्हणावे लागते.

धायरीहून सिंहगड रस्त्याने शहराकडे येताना नदीपलीकडे हिंगणे बुद्रुक, म्हणजे आजचे कर्वेनगर, लागते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली येथील एका झोपडीत आला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिली; पुढील खर्च वर्गण्यांवर चालला. समाजाचे साहाय्य हा संस्थेचा प्रारंभापासूनचा पाया होता. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, हे साहाय्य मिळविण्याचे काम स्त्रियांकडेही सोपविले गेले. वैधव्यानंतर शिकलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमाची देखरेख केली, निधीसाठी गावोगाव प्रवास केला आणि १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या. त्यांचे कर्तेपण पाठ्यक्रमातून नव्हे, तर अंगावर पडलेल्या जबाबदारीतून घडले.

पुण्यातील सेवासदनाचा दाखलाही याच स्वरूपाचा आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने ससून रुग्णालयाच्या सहकार्याने परिचारिकांच्या शिक्षणास चालना दिली, आणि तिचे नेतृत्व रमाबाई रानडे यांच्या हाती होते.

हिंगण्याच्या त्याच भूमीवर १९९१ साली कर्व्यांच्या संस्थेने कमिन्स उद्योगसमूहाच्या साहाय्याने स्त्रियांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. शिवणकाम व परिचर्या यांपुढे जाऊन यंत्रविद्या स्त्रियांच्या कक्षेत आली. भागीदारीचे सूत्र तेच राहिले. दात्याच्या जागी उद्योग आला.

या पार्श्वभूमीवर धायरीचा विचार करावा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तथापि २०१७ साली धायरीचा उर्वरित भाग महानगरपालिकेत समाविष्ट झाला आणि ग्रामपंचायत संपली. आरक्षणाचे प्रमाण टिकले. पण गावच्या स्त्रीला हाताशी असलेल्या जबाबदारीच्या जागा तिच्याबरोबर गेल्या. विस्तृत प्रभागातील मोजक्या जागा त्यांची भरपाई करू शकत नाहीत.

अशा ठिकाणी संगणकाचे वर्ग काढणे उपयुक्त खरेच. पण हिशेब, निधी आणि निर्णय ही तिन्ही शिकणाऱ्या स्त्रियांच्या हाती दिल्याशिवाय त्यांतून कुशल कर्मचारी तयार होतील, कर्त्या स्त्रिया नव्हेत. हिंगण्याचा इतिहास हेच सांगतो.