प्रत्युच्चाराचा अर्थ : वाचोपचाराच्या इतिहासातील एक प्रकरण

ऐकलेले वाक्य मुलाने जसेच्या तसे पुन्हा उच्चारणे, यास प्रस्तुत लेखात ‘प्रत्युच्चार’ म्हटले आहे. स्वमग्न मुलांच्या भाषेत तो वारंवार आढळतो. ‘तुला पाणी हवे का?’ असे विचारले असता मूलही ‘तुला पाणी हवे का?’ एवढेच म्हणते. यास भाषा मानावयाचे की भाषेचा अभाव, या प्रश्नाच्या उत्तरानुसार उपचाराची दिशा बदलत गेली आहे.

बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. त्यांपैकी आठ मुले बोलत, तीन मूक होती. बोलणाऱ्यांची भाषाही इतरांस अर्थ कळविण्याच्या कामी आलेली नाही, असे त्यांनी म्हटले. तथापि प्रश्नाची पुनरुक्ती हाच या मुलांचा होकार असतो, ही नोंदही त्यांचीच होय. १९४६ मध्ये ते या विषयाकडे पुन्हा वळले. एक मुलगा काही फेकण्याचा मोह झाला की, कुत्रा सज्जातून टाकू नकोस, असे स्वतःस बजावी. जवळ ना कुत्रा, ना सज्जा. तीन वर्षांपूर्वी त्याने खेळण्यातला कुत्रा हॉटेलच्या सज्जातून वारंवार खाली टाकला, तेव्हा त्रासलेल्या आईने उच्चारलेले ते शब्द होते. असंबद्ध भासणाऱ्या उद्गाराचा उगम असा अनुभवात सापडला.

पुढील काळात मात्र वर्तनवादाचा प्रभाव वाढला. १९६६ मध्ये लॉस एंजेलिस येथे लोव्हास व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मूक मुलांना खाद्याचे बक्षीस देऊन शब्दांचे अनुकरण शिकविले. मुक्या मुलास वाचा लाभू शकते, हे त्यातून दिसले. परंतु या परंपरेत प्रत्युच्चार हे बहुधा आवरावयाचे वर्तन ठरले. मूक मुलाकडून जे अनुकरण सायासाने मिळवावयाचे, तेच बोलत्या मुलात थांबवावयाचे, असा हा विरोधाभास होता.

१९८१ मध्ये बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुकन यांनी चार मुलांचे १,००९ प्रत्युच्चार तपासले. शब्दांबरोबर मुलाची नजर, हावभाव, स्वर व उत्तरापूर्वीचा विराम यांचाही त्यांनी विचार केला. संभाषणात आपली पाळी घेणे, होकार देणे, मागणी करणे, स्वतःस आवरणे इत्यादी सात कार्ये त्यांना आढळली. काही उच्चार हेतुशून्य दिसले, हेही त्यांनी नोंदविले.

सज्जातील कुत्र्याचा अर्थ आईच्या स्मरणात होता. तिला विचारले नसते तर ते वाक्य निरर्थकच ठरले असते. म्हणून उच्चार थांबविण्यापूर्वी त्याचे मूळ शोधणे हे उपचारकाचे पहिले कर्तव्य होय.